बाकावरची वर्षे

टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारताचा संघ २० डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झाला. पंधरा नावांची यादी. आमच्या बडनेऱ्यात नवी वस्तीतल्या एका चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाईलवरून ती मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर दुसरा म्हणाला, "पुन्हा एकडाव वाच बरं." पुन्हा वाचली. पंधराची पंधराच नावे निघाली आणि त्यांत अमरावतीच्या जितेश शर्माचे नाव नव्हते.

अकराच दिवस आधी कटकला दक्षिण आफ्रिकेचा संघ ७४ धावांत गुंडाळला गेला, तेव्हा भारताच्या यष्टीमागे हाच मुलगा उभा होता. मुलगा म्हणायचे ते आपल्या गावचा म्हणून. एरवी ऑक्टोबरात त्याला बत्तीस वर्षे पूर्ण झाली होती. मग अकरा दिवसांत असे झाले काय? त्याची काही चूक झाली का? टपरीवर बराच खल झाला. राजकारण, नशीब, नागपूर, मुंबई, सगळ्यांची नावे घेऊन झाली. खरे कारण मात्र साधे आहे आणि ते समजून घेतले तर या व्यवसायाचे अर्धे मर्म कळते.

सप्टेंबरात आशिया चषकासाठी शुभमन गिलला उपकर्णधार करून सलामीला आणले. आतापर्यंत सलामीला येणारा संजू सॅमसन त्यामुळे खाली सरकला. खालची जागा संजूची नव्हे, तिथे शेवटच्या चार-पाच षटकांत येऊन दांडपट्टा चालवणारा माणूस लागतो. म्हणून नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात होबार्टच्या सामन्यापासून यष्टिरक्षणाचे हातमोजे जितेशकडे आले. तिथे तो १३ चेंडूंत नाबाद २२ धावा करून जिंकून परतला. पुढे डिसेंबरात गिललाच वगळले. सलामीची जागा मोकळी झाली, संजू वर गेला आणि जाताना हातमोजेही घेऊन गेला. आता दुसरा यष्टिरक्षकही सलामीला खेळणाराच हवा झाला. ईशान किशनने दोनच दिवस आधी अंतिम सामन्यात शतक ठोकून झारखंडला मुश्ताक अली करंडक मिळवून दिला होता. झाले! लग्न मोडले दुसऱ्याच्या घरचे आणि सुपारी गेली वाजंत्रीवाल्याची, असा हा प्रकार. गिल संघातून गेला म्हणून जितेश गेला. त्याच्या स्वतःच्या खेळाचा या हिशेबात फारसा संबंध नव्हता.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर आपण ज्यांचे फोटो बघतो ते खेळाडू वेगळे. त्यांच्याभोवती संघ बांधला जातो. पण एका तेंडुलकरामागे किंवा एका कोहलीमागे शे-दोनशे माणसे अशी असतात की, जी संघात जागा मोकळी होईल तिथे बसवली जातात आणि जागेचा मालक परतला की उठवली जातात. अमेरिकेत बेसबॉलच्या धंद्यात अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. शब्द मूळचा कारागिरांचा. उमेदवारी संपलेली, हात तयार झालेला, पण स्वतःचे दुकान नसलेला आणि रोजावर काम करणारा, तो जर्नीमन. आपल्याकडे गवंडी, सुतार, लोहार यांच्यात अशी माणसे पुष्कळ दिसतात. खेळाडूंतही असतात, पण त्यांच्यासाठी आपण शब्दच केला नाही. 'मोठा झाला' किंवा 'वाया गेला', हे दोनच शेरे आपल्याजवळ आहेत.

जितेश २२ ऑक्टोबर १९९३ चा, अमरावतीचा. अमरावती हे आखाड्यांचे गाव. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले होते. क्रिकेटचे तसे नाही. विदर्भाच्या क्रिकेटचा सगळा कारभार नागपूरचा. निवड चाचणी नागपुरात, सराव नागपुरात, सामना नागपुरात. अकोला, अमरावती, यवतमाळच्या पोराने पहाटेची गाडी धरायची आणि रात्री परतायचे. आमच्या बडनेरा स्थानकावर अशी पोरे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. अंगाने काडीसारखी आणि पाठीवर त्यांच्याच वजनाचे किट. एका पोराजवळ पैसे कमी पडले तर दुसऱ्याने भरायचे, हा त्यांचा अलिखित कायदा.

जितेशला तर क्रिकेटपटू व्हायचेच नव्हते, असे त्याने मुलाखतीत सांगितले आहे. त्याला संरक्षण दलात जायचे होते. आपल्याकडे राज्य पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव गुण मिळतात. त्या गुणांच्या आशेने तो शाळेच्या संघात गेला. गुणांसाठी गेलेला मुलगा खेळातच अडकला. अशा कथा आपल्या प्रत्येक गल्लीत असतात, फक्त शेवट वेगळा असतो.

२०१४ च्या सुमारास तो विदर्भाकडून मर्यादित षटकांचे सामने खेळू लागला. २०१५-१६ च्या मुश्ताक अली स्पर्धेत देशात सर्वाधिक धावा करणाऱ्यांत तो तिसरा होता, त्यात एक शतक. त्यावर मुंबई इंडियन्सने २०१६ साठी त्याला दहा लाखांत घेतले. बावीस वर्षांच्या अमरावतीच्या पोराला वानखेडेच्या ड्रेसिंग रूममध्ये खुर्ची मिळाली! पण खुर्चीच मिळाली. त्या संघात यष्टीमागे उभे राहायला पार्थिव पटेल आणि इंग्लंडचा जोस बटलर होते. २०१६ गेले, २०१७ गेले. २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत मुंबईने पुण्याला एका धावेने हरवून करंडक जिंकला. जितेश त्या विजेत्या संघात होता आणि दोन वर्षांत त्याच्या वाट्याला एकही सामना आला नव्हता.

बाकावर बसणे म्हणजे आराम, असे बघणाऱ्याला वाटते. मी स्वतः तरुणपणी रेल्वेच्या पोरांच्या संघात यष्टीमागे उभा राहत असे, आणि त्याहून जास्त वेळ उभा न राहता बसत असे, म्हणून थोडे अधिकाराने सांगतो. राखीव यष्टिरक्षकाला सकाळी सगळ्यांच्या आधी हातमोजे चढवावे लागतात. दिवसाला नव्वद षटके पडली तर यष्टिरक्षक ५४० वेळा खाली बसतो आणि उठतो. राखीव माणसाने तेवढ्याच उठाबशा सरावात काढायच्या, कारण पहिल्याचे बोट केव्हा मोडेल ते सांगता येत नाही. आणि ते मोडावे असे मनात येऊ द्यायचे नाही. पाणी न्यायचे, निरोप न्यायचे, टाळ्या वाजवायच्या, आणि संध्याकाळी घरून फोन आला की "उद्या बहुतेक" म्हणायचे. इतर जागांचे तरी बरे असते. संघात फलंदाज सहा असतात, गोलंदाज पाच असतात. यष्टिरक्षक एकच. पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या खेळात गुंजभराचा फरक असला तरी एक मैदानात असतो आणि दुसरा तंबूत.

मुंबईने सोडल्यावर २०१८, २०१९, २०२० आणि २०२१ असे चार हंगाम जितेशला कुणी घेतले नाही. चोविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची ही वर्षे. फलंदाजाचे डोळे आणि पाय सर्वांत ताजे असतात ती. घरीही जागा सुखाची नव्हती. विदर्भाचा रणजी संघ याच काळात भरात आला. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १९५७-५८ पासून खेळणारा संघ, इतक्या वर्षांनी! रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक त्या सामन्यातली. आणि त्याच सामन्यात अक्षय वाडकर नावाच्या यष्टिरक्षकाने १३३ धावा काढल्या. विदर्भाच्या यष्टीमागची जागा त्या शतकाने भरून गेली. वाडकर पुढे कर्णधार झाला आणि मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध विदर्भाने तिसरा करंडक उचलला तो त्याच्या नेतृत्वाखाली. जितेशचा रणजीतला आकडा विदर्भाकडून दहा वर्षांत वीस सामन्यांनाही पोहोचला नाही. विदर्भाच्या सुवर्णकाळात विदर्भाचाच हा मुलगा बहुतेक काळ पांढऱ्या चेंडूच्या सामन्यांपुरता उरला.

या चार वर्षांविषयी माझ्या भाच्याने मला एकदा प्रश्न विचारला होता. तो बडनेऱ्याचाच, बारावीत शिकतो, यष्टीमागे उभा राहतो. पहाटे साडेपाचला घर सोडतो, अमरावतीला सरावाला जातो, तिथून परस्पर कॉलेजात. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, एका संध्याकाळी त्याला घेऊन आली.

"भाऊ, तुमीच सांगा आता याले. बारावीचं वर्ष हाय, अन् हे पोट्टं पुस्तकाले हात लावत नाही. तुमचं आयकते."

मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "मामा, मले फक्त एक सांगा. जितेशदादाले चार वर्षं कोणीच घेतलं नाही, तवा तो काय करत होता?"

मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. दर हंगामात विदर्भाकडून मुश्ताक अली खेळत होता, विजय हजारे खेळत होता आणि शेवटच्या षटकांत येऊन मारत होता. एवढेच. यापेक्षा रोमहर्षक असे सांगण्यासारखे काही नाही. बहिणीला वेगळीच काळजी. "अन् पैसे? त्या चार वर्षांत पैसे कोठून आनत होता?"

बाईचा प्रश्न रास्त होता. क्रिकेट म्हटले की आपल्याला कोटीच दिसतात. म्हणून मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. २०२१ पासूनचे दर असे की, रणजीत वीस सामन्यांपर्यंत खेळलेल्याला दिवसाला ४० हजार रुपये, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्यापुढे ६० हजार. साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे अठ्ठावीस दिवस. नव्या खेळाडूचे होतात ११ लाख २० हजार. पण हे अकरा जणांत असला तर. राखीव असला तर निम्मे, ५ लाख ६० हजार. राज्याच्या टी-ट्वेंटी सामन्याला १७ हजार ५००, राखीवाला त्याच्याही निम्मे. संघातच नसला तर शून्य. त्यातही हे दर २०२१ चे. जितेश घासत होता तेव्हा ते याहून कमी होते. आयपीएलचे गणित उलटे आहे. तिथे हंगामाचा करार असतो, बाकावर बसला तरी ठरलेली रक्कम मिळते. म्हणजे एकीकडे खेळला तर भाकर, दुसरीकडे न खेळताही पुरणपोळी. पण दुसऱ्या पंगतीत पान मिळायलाच लिलावात नाव पुकारले जावे लागते, आणि दहा संघांच्या टेबलांवर कुणीतरी हात वर करावा लागतो.

बहिणीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. भाच्याने विचारले, "मंग मी काय करू?" मी म्हणालो, बारावीची परीक्षा दे आणि जिल्ह्याच्या चाचणीलाही जा, दोन्हींच्या तारखा वेगळ्या आहेत. यावर मायलेकरांपैकी कुणाचेच पुरते समाधान झाले नाही. सध्या तरी तसेच चालले आहे.

२०२२ च्या लिलावात पंजाब किंग्जने जितेशला २० लाखांत घेतले, म्हणजे पायाभूत किमतीत. ३ एप्रिल २०२२ रोजी चेन्नईविरुद्ध तो आयपीएलचा पहिला सामना खेळला, १७ चेंडूंत २६ धावा. मुंबईच्या तंबूत पहिल्यांदा पाऊल टाकल्याला तोवर सहा वर्षे उलटून गेली होती. त्या हंगामात त्याने २३४ आणि पुढच्यात ३०९ धावा काढल्या. आकडे डोळ्यांत भरणारे नाहीत, कारण त्याच्या क्रमांकावर येणाऱ्याच्या वाट्याला दहा-पंधरा चेंडूच येतात. दिवसभर मळणी करून शेवटी मूठभर धान्य, असे ते काम. पहिल्या चेंडूपासून मारायचे. सुटला तर वीर, सापडला तर बेजबाबदार.

पंजाबच्या त्या संघात आमच्या वऱ्हाडातला आणखी एक जण होता, अकोल्याचा अथर्व तायडे. १७ मे २०२३ ला धरमशालेत दिल्लीविरुद्धचा सामना मी घरी बसून पाहत होतो. मोठी धावसंख्या पार करायची होती. अथर्व ४२ चेंडूंत ५५ धावांवर खेळत होता, पण धावांचा वेग पुरत नव्हता. तेव्हा नवीनच निघालेल्या रीतीप्रमाणे त्याला स्वतःहून बाद होऊन परत बोलावण्यात आले. अर्धशतक केलेला फलंदाज बॅट काखेत घेऊन चालत निघाला आणि त्याच्या जागी आला जितेश. अकोल्याच्या पोराला उठवून अमरावतीच्या पोराला बसवले! आमच्या घरात टाळी वाजवावी की कपाळावर हात मारावा हे कुणाला कळेना. तीनच चेंडूंत जितेश शून्यावर बाद झाला, आणि पंजाब पंधरा धावांनी हरले. दोघांपैकी कुणीही त्या दिवशी वाईट माणूस नव्हता, की वाईट खेळाडूही नव्हता. पण धंद्याची रीत इतकी उघडी पडलेली मी क्वचितच पाहिली.

भारतीय संघाचे बोलावणे त्याला जानेवारी २०२३ मध्येच आले होते, तेही संजू सॅमसन जखमी झाला म्हणून. तेव्हाही बाकच. प्रत्यक्ष पदार्पण ३ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊ येथे, आशियाई खेळांत नेपाळविरुद्ध. मुख्य संघ विश्वचषकाच्या तयारीत गुंतलेला, म्हणून दुसऱ्या फळीचा संघ गेला होता. त्याने सुवर्णपदक आणले. १ डिसेंबरला रायपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जितेशने १९ चेंडूंत ३५ धावा कुटल्या. रायपूर म्हणजे आम्हाला हावड्याच्या गाडीने सरळ, त्यामुळे तो सामना इकडच्या लोकांना घरचा वाटला. जानेवारीत मोहालीला अफगाणिस्तानविरुद्ध ३१. पुढच्या इंदूरच्या सामन्यात शून्य. त्याच्या पुढच्यात संजू. २०२४ च्या आयपीएलमध्ये बॅट रुसली, आणि त्या वर्षीच्या विश्वचषकाला यष्टिरक्षक म्हणून ऋषभ पंत आणि संजू गेले. त्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मात्र दुसरे कुणी उरले नाही म्हणून पंजाबचे कर्णधारपद जितेशकडे आले.

इथे आमच्या नागपूरच्या फैज फजलची आठवण येते. डिसेंबर २००३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने पहिल्याच रणजी सामन्यात १५१ धावा केल्या. त्यानंतर बारा-तेरा वर्षे तो धावा करीत राहिला, मध्यंतरी रेल्वेकडूनही खेळला. मार्च २०१६ मध्ये इराणी सामन्यात मुंबईविरुद्ध ४८० धावांचा डोंगर चढताना त्याने १२७ केल्या, तेव्हा कुठे निवड समितीची नजर वळली. १५ जून २०१६ रोजी हरारेला झिंबाब्वेविरुद्ध तो सलामीला आला. भारताने एकही गडी न गमावता सामना जिंकला. फैज नाबाद ५५. वय तीस. तो त्याचा भारताकडून पहिला आणि शेवटचा सामना. त्याला कुणीही बाद केले नाही, तरी तो पुन्हा खेळला नाही. पुढे त्याच फैजने कर्णधार म्हणून विदर्भाला लागोपाठ दोन रणजी करंडक मिळवून दिले, पहिल्या वेळी स्वतःच्या ९१२ धावांसह. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरातच त्याने निरोप घेतला. प्रथमश्रेणीत नऊ हजारांवर धावा आणि निळ्या टोपीतला एक दिवस, असा त्याचा जमाखर्च.

बेसबॉलमध्ये याचा एक थोरला भाऊ शोभेल असा माणूस होऊन गेला. आर्चिबाल्ड ग्रॅहम नाव. लोक त्याला 'मूनलाइट' ग्रॅहम म्हणत. बेसबॉलमध्ये लांबवर, सीमेच्या बाजूला उभे राहून उंच फटके टिपणारे तीन क्षेत्ररक्षक असतात, त्यांतला हा एक. काही वर्षे छोट्या संघांतून खेळून २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या संघाकडून तो मैदानात उतरला, सामन्याच्या अखेरीअखेरीस. त्याची फलंदाजीची पाळी आलीच नाही. पुन्हा मोठ्या संघातही तो आला नाही. पुढे डॉक्टर झाला आणि मिनेसोटा राज्यातल्या चिशोम या खाणींच्या गावात शाळकरी मुलांना तपासण्यात त्याचे आयुष्य गेले. १९८९ साली निघालेल्या एका प्रसिद्ध बेसबॉलपटात त्याची व्यक्तिरेखा आली आणि सगळ्या अमेरिकेला तो ठाऊक झाला. आपल्या फैजला निदान ६१ चेंडू खेळायला मिळाले, हे काही कमी नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात जितेशचे नाव पुकारले गेले तेव्हा बोली सात कोटींपर्यंत गेली. पंजाबने आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क वापरला, तर बंगळूरने आकडा एकदम अकरा कोटींवर नेला. पंजाबने हात मागे घेतला. वीस लाखांचे अकरा कोटी, म्हणजे पंचावन्न पट! अमरावतीत पेढे वाटले गेले असतील; बडनेऱ्यात आम्ही आपला दोन-तीन दिवस तोच विषय चघळला. काही जण म्हणाले, पैशाने पोरगा बिघडेल. ज्याने दहा लाखांत दोन वर्षे नुसते पाणी नेले, तो अकरा कोटींनी कसा बिघडावा, हे मला कळत नाही. बंगळूरच्या संघात त्याला फलंदाजी शिकवायला दिनेश कार्तिक होता. हा स्वतः धोनीच्या सावलीत वर्षे काढलेला यष्टिरक्षक. दुसऱ्याची जागा सांभाळत वय कसे वाढते, हे त्याच्याइतके आणखी कुणाला माहीत?

२७ मे २०२५, लखनौ. साखळीतला अखेरचा सामना. बंगळूरचा कर्णधार रजत पाटीदार बोटाच्या दुखापतीमुळे फक्त फलंदाजीपुरता, म्हणून मैदानावर कर्णधार जितेश. लखनौने २२७ धावा केल्या, त्यांत पंतच्या नाबाद ११८. म्हणजे ज्याच्यामुळे विश्वचषकाची जागा गेली त्यानेच समोर शतक ठोकलेले. विराट कोहली चौथा बाद झाला तेव्हा धावफलक १२३ दाखवत होता. जिंकायला ५२ चेंडूंत १०५ हव्या. पहिल्या दोघांत जागा मिळवायची तर हा सामना जिंकायलाच हवा. जितेश आला. समोर मयंक अगरवाल. हाही एकेकाळचा भारताचा सलामीवीर, लिलावात कुणी न घेतल्यावर हंगामाच्या मध्यात बदली म्हणून आलेला. दोन बाकावरची माणसे!

पुढचे मी उभ्यानेच पाहिले. ४९ वर असताना दिग्वेश राठीच्या चेंडूवर जितेशचा झेल उडाला आणि तो पकडलाही गेला. पण तो नोबॉल निघाला. मिळालेल्या मोफत चेंडूवर षटकार. त्याच षटकात राठीने चेंडू टाकता टाकता थांबून दुसऱ्या टोकाला जितेश क्रीजबाहेर असताना यष्टी उडवली. तिसऱ्या पंचांनी नाबाद दिले, आणि पंतने अपीलही मागे घेतले. पंतला या एका गोष्टीबद्दल वऱ्हाडाने दोन संत्री जास्त द्यावीत. आठ चेंडू बाकी ठेवून सामना संपला. जितेश ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चौकार, सहा षटकार.

३ जूनला अहमदाबादेत बंगळूरने अंतिम सामना जिंकला. अठरा वर्षांतले पहिले विजेतेपद. जितेशच्या १० चेंडूंत २४ धावा, आणि विजय सहा धावांनी. हरला तो त्याचाच जुना पंजाब संघ. दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या स्टेडियमबाहेर स्वागताच्या गर्दीत चेंगरून अकरा माणसे मेली, आणि सगळा आनंद करपून गेला.

त्याच महिन्यात बातमी आली की जितेशने विदर्भ सोडले. विदर्भ क्रिकेट संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तो बडोद्याला गेला. इथे काही लोकांना राग आला. मला आला नाही. वाडकर कर्णधार आहे, चांगला आहे, तो हटणार नाही. मग बत्तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने आणखी किती वर्षे थांबायचे? विदर्भाने स्वतः तरी काय केले? बाहेरचे गुणी लोक आणलेच. मुंबईचा वसीम जाफर चाळिशीत येऊन दोन्ही करंडकांत खेळला आणि २०१८ च्या इराणी सामन्यात २८६ धावा काढून गेला. कसोटीत त्रिशतक करूनही विस्मरणात गेलेला करुण नायर कर्नाटकातून २०२३ मध्ये इकडे आला, २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने पाच शतके ठोकली आणि त्या बळावर इंग्लंडच्या दौऱ्यावर पुन्हा कसोटी खेळला. दौरा साधारणच गेला. पुन्हा वगळला गेला, आणि परत कर्नाटकात गेला. ही माणसे गाव सोडत नाहीत, काम शोधत जातात. आमच्या भागातून दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना कुणी बेइमान म्हणत नाही.

विश्वचषकाच्या यादीनंतर चार आठवड्यांनी, जानेवारी २०२६ मध्ये, विदर्भाने विजय हजारे करंडक जिंकला. यापूर्वी तो कधीच मिळाला नव्हता. आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात हरलेल्या विदर्भ संघात जितेशही होता आणि करुणही. या खेपेला उपांत्य फेरीत विदर्भाने कर्नाटकाला हरवले. त्या कर्नाटकात आता करुण नायर होता. १८ तारखेला बंगळूरला सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. अकोल्याच्या अथर्व तायडेने सलामीला येऊन १२८ धावा काढल्या, आणि या वेळी त्याला मध्येच कुणी परत बोलावले नाही. जितेशचा बडोदा संघ तोवर स्पर्धेबाहेर गेला होता. बंगळूरने मात्र त्याला २०२६ च्या हंगामासाठी सोडलेले नाही.